स्टीअरिंग थरथरतं तेव्हा गाडी काय सांगते

मालिकेच्या संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांना वाटलं असेल की फौजी माणूस सीमेवरच्या गोष्टी सांगेल. मी म्हटलं, मी जिप्सीच्या स्टीअरिंगबद्दल बोलणार. ते हसले. पण माझ्याकडे सल्ला मागायला जितके लोक येतात, त्यातले निम्मे या एकाच तक्रारीसाठी येतात. गाडी वॉबलिंग करते, स्टीअरिंग झटके मारतं, काय करू?

आधी गाडीबद्दल दोन शब्द. मारुती जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली. १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन घेऊन जिप्सी किंग आली आणि २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. फौजेत माझ्या पिढीने जोंगाही चालवली आणि जिप्सीही. आजही कान्हा, ताडोबा, बांधवगडला पर्यटकांना घेऊन फिरतात त्या बहुतेक जिप्सीच. पहाडात, चहाच्या मळ्यांत, शेतांवर हजारो जुन्या जिप्सी चालू आहेत. तरुण मुलं हौसेने सेकंड हँड घेतात. म्हणजे आज रस्त्यावर असलेली जवळजवळ प्रत्येक जिप्सी ही वापरलेली, दोन-चार हातांतून गेलेली गाडी आहे. तिच्या थरथरीला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते झिजेचं किंवा कोणीतरी केलेल्या बदलाचं असतं.

जिप्सीचा पुढचा ॲक्सल हा एकसंध आहे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सरळ. तो पाट्यांवर बसलेला. दोन्ही चाकं एका टाय रॉडने एकमेकांना बांधलेली. खडकाळ रस्त्यावर ही रचना दणकट असते. पण एका चाकाला हिसका बसला की तो दुसऱ्याला पोचतो. डावं चाक दगडावर चढलं की अख्खा ॲक्सल तिरका होतो. वेगाने फिरणारं चाक तिरकं केलं की ते स्वतःहून वळायला बघतं. हातात सायकलचं चाक धरून, ते फिरवून तिरकं करून पाहा, हाताला कळेल. चाक वळतं, पुन्हा सरळ यायला जातं, मधला बिंदू ओलांडून पलीकडे जातं, परत येतं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं एखादं पुढचं चाक जोरात ढकलल्यावर कसं फडफडतं, पाहिलंय ना? तेच हे. चांगल्या गाडीत ही फडफड एक-दोन हेलकाव्यांत विरते. सांधे ढिले असतील तर विरत नाही, वाढत जाते. मग स्टीअरिंग हातातून सुटेल इतकं हलतं आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही.

आता मुख्य मुद्दा. थरथर आणि वॉबलिंग हे दोन वेगळे आजार आहेत. आपण दोघांना एकच नाव देतो आणि तिथूनच पैसे वाया जायला सुरुवात होते.

बटालियनमध्ये मी एम.टी.ओ. होतो, म्हणजे गाड्यांचा कारभार माझ्याकडे. ड्रायव्हर येऊन सांगायचा, "साहब, गाडी थोडी हिलती है." एवढंच. त्यात त्याची चूक नसते, त्याला कोणी नीट विचारलेलंच नसतं. आमचे एक हवालदार मेकॅनिक होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. ते पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारायचे. मी ते प्रश्न त्यांच्याकडून उचलले आणि आजही तेच विचारतो. पाच आहेत, लिहून घ्या.

पहिला, कुठल्या वेगाला होतं? दुसरा, कुठे जाणवतं, स्टीअरिंगवर, सीटखाली की ब्रेकच्या पेडलवर? तिसरा, काय केल्यावर सुरू होतं, खड्डा लागल्यावर, ब्रेक दाबल्यावर, ॲक्सिलरेटर दिल्यावर की वळणावर? चौथा, कशाने थांबतं? आणि पाचवा, जो कोणीच विचारत नाही, कधीपासून होतंय आणि त्याआधी गाडीवर कुठलं काम झालं होतं?

या पाच उत्तरांत अर्धं निदान असतं. कसं ते सांगतो.

समजा उत्तर आलं की सत्तर-ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग बारीक थरथरतं, खड्ड्याशी संबंध नाही, वेग कमी-जास्त केला की थरथर कमी-जास्त होते. तर आधी चाकांकडे बघा. बॅलन्सिंग गेलेलं आहे, रिम वाकलेली आहे किंवा टायर खराब आहे. थोडं गणित सांगतो. जिप्सी किंगचा २०५/७० आर १५ मापाचा टायर ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला साधारण साडेदहा फेरे मारतो. रिमच्या काठावर ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते जवळजवळ अडीच किलोच्या जोराने चाक ओढतं, आणि ओढायची दिशा प्रत्येक फेऱ्यात गोल फिरत राहते. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो, म्हणून चाळीसला काही कळत नाही आणि ऐंशीला दात वाजतात. आता रिमच्या आतल्या बाजूला पावशेराला थोडा कमी, २०० ग्रॅम चिखल वाळून बसलाय असं समजा. तो जोर होतो सतराएक किलो! म्हणून चिखलातून आल्यावर पहिला उपाय पाण्याचा पाइप. चाकं आतून धुवा आणि मग बोला.

थरथर स्टीअरिंगवर असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची. खात्री करायची फुकटची युक्ती आहे. पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे लावा. थरथर स्टीअरिंगवरून सीटखाली गेली, तर दोष चाकातच आहे. आहे तिथेच राहिली, तर चाकं निर्दोष.

फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर होत असेल आणि पेडलही धडधडत असेल, तर पुढच्या डिस्क बघा. मागे ड्रम आहेत, तेही गोल राहिलेत का बघा. ॲक्सिलरेटर दिल्यावर होत असेल आणि पाय काढल्यावर जात असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस किंवा इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगवेगळे आहेत, त्यामुळे शाफ्ट तीन. शाफ्ट चाकापेक्षा जवळजवळ चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी असते. चाकाची थरथर जाड असते, हाताने मोजता येईल अशी. कान आणि तळवे या दोन गोष्टींना हा फरक एकदा कळला की विसरत नाही. आणि शाफ्ट उतरवताना दोन्ही टोकांना खडूने खुणा करा. जसा निघाला तसाच बसायला हवा, नाहीतर नवीनच थरथर विकत घेतली.

एक आणखी चाचणी. मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर, उतारावर कधीही नाही, ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला गाडी न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर चाकांकडे जा. इंजिनाच्या आवाजाबरोबर उतरली तर इंजिनाकडे जा.

आता खरं वॉबलिंग. याची ओळख अशी की, चाळीस-साठच्या दरम्यान रस्त्यात सांधा, खड्डा, रेल्वे फाटक लागतं आणि स्टीअरिंग एकदम डावं-उजवं झटके मारू लागतं. तुम्ही घट्ट धरलं तरी थांबत नाही. वेग वीस-पंचवीसवर आणलात की जणू काही झालंच नाही. घाटातल्या वळणावर, एका बाजूला दरी असताना हे झालं तर काय होईल ते मी सांगायला नको.

आधी त्या क्षणी काय करायचं. स्टीअरिंगशी कुस्ती खेळू नका. दोन्ही हातांनी ठाम धरा, अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नका, झटक्याने अंगठा मोडतो. ॲक्सिलरेटर सोडा. ब्रेक एकदम मारू नका, हळूहळू लावा, वेग उतरू द्या. गाडी शांत झाली की बाजूला घ्या. आणि मग "चालतंय" म्हणून तशीच पुढे दामटू नका.

गेल्या वर्षी जबलपूरहून एक तरुण आला. जोंगा जिथे बनायची त्याच गावचा, जिप्सीवर जीव असलेला. "काका, तीन गॅरेज झाली," म्हणाला. पहिल्याने बॅलन्सिंग केलं. दुसऱ्याने अलाइनमेंट करून कागद दिला. तिसऱ्याने नवीन स्टीअरिंग डॅम्पर बसवला. डॅम्परनंतर दोन महिने गाडी छान चालली. मग नर्मदेच्या पुलाच्या सांध्यावर स्टीअरिंगने असा हिसका दिला की त्याच्या बायकोने त्या दिवसापासून मुलीला घेऊन गाडीत बसायचं बंद केलं. त्याला गाडी विकायची नव्हती आणि बायकोला ती घरात नको होती. म्हणाला, "काका, ती बरोबरच बोलते, पण मला कारण तरी कळू द्या."

आम्ही वहीत पाच उत्तरं लिहिली. पाचव्या प्रश्नावर तो थोडा थांबला. गाडी घेतल्यावर चार महिन्यांनी पुढच्या पाट्यांना लांब शॅकल लावून ती उंच केली होती. वॉबलिंग त्यानंतरचं.

मग खालून वर, जमिनीपासून स्टीअरिंगपर्यंत, क्रमाने तपासायला घेतलं. हा क्रम तुम्हीही पाळा. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड किंवा ओंडके, जॅकने उचलून ॲक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कोणीही जाणार नाही. फौजेत हा हुकूम होता, तुमच्या घरीही असू द्या.

आधी हवा, टायरची झीज, फुगवटा आणि चाकाचे नट. चाक फिरवून रिमच्या काठाजवळ खडू स्थिर धरा. वाकलेल्या जागी खूण उठेल.

मग चाक वर-खाली धरून हलवा, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी. प्ले जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला, तर किंगपिनचं बेअरिंग. इतकी साधी चाचणी, पण ती न करताच बेअरिंग बदलली जातात. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर प्ले आला तर टाय रॉडचे एंड बघा.

आता किंगपिन, कारण जिप्सीचा जुना शत्रू इथे बसतो. चाक ज्यावर डावं-उजवं वळतं, ती वरची आणि खालची पिन टेपर बेअरिंगमध्ये असते आणि तिला ठरावीक घट्टपणा लागतो. पातळ शिम काढल्या-घातल्याने तो कमी-जास्त होतो. घट्टपणा गेला की चाकाला फडफडायला मोकळीक मिळते. टाय रॉड सोडवून नकल हाताने वळवून बघायचा. तो सगळीकडे सारखा, थोडा जड वळायला हवा. जबलपूरच्या गाडीत डावीकडचा नकल लोण्यासारखा हलका वळत होता, आणि बरोबर मध्यावर आला की खाचेत बसल्यासारखा अडकत होता. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. त्यामुळे वर्षानुवर्षांचे दणके बेअरिंगच्या एकाच जागी बसतात आणि तिथे खळगे पडतात. बाहेरचं सील फाटलं असेल तर चिखल-पाणी आत जातं आणि हे काम लवकर होतं. नकलवरून तेलकट पातळ ग्रीस ओघळताना दिसलं तर समजा की आतलं ॲक्सलचं सीलही गेलं आहे. नवीन बेअरिंग बसवल्यावर स्प्रिंगकाटा लावून घट्टपणा मोजतात. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, मेकॅनिकला तो उघडायला लावा. अंदाजाने शिम टाकू देऊ नका.

पुढची चाचणी चाकं जमिनीवर ठेवून. एकाने आत बसून स्टीअरिंग थोडं-थोडं डावं-उजवं हलवत राहायचं. दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंक, पाट्यांचे बुश, शॅकल, यू बोल्ट, आणि शेवटी स्टीअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला भाग उशिरा हलतो, तिथे झीज आहे. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. स्टीअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले घालवायचा मोह बऱ्याच मेकॅनिकना होतो. त्यांना थांबवा. बाकी सगळं तपासून झाल्यावर, आणि मॅन्युअलप्रमाणेच, त्याला हात लावायचा. जास्त आवळला तर वळणानंतर स्टीअरिंग परत येत नाही, आणि तो वॉबलिंगपेक्षा लहान धोका नाही.

आता त्या लांब शॅकलचं काय? किंगपिन सरळ उभी नसते, वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं. याला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा कसा तिरका असतो, तसं. या झुकावामुळेच हात सोडला तरी चाक सरळ राहायला बघतं. जिप्सीत पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की गाडीचं नाक वर जातं, पण ॲक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर कमी होतो. चाकाची सरळ राहायची ओढ कमी होते. आधीच किंगपिन ढिली, त्यात कॅस्टर कमी. मग पुलाच्या सांध्याने फक्त ठिणगी टाकली.

आणि अलाइनमेंटच्या कागदावर हे दिसत नव्हतं का? दिसत होतं! टो बरोबर केलेला होता, कारण या ॲक्सलवर टाय रॉड फिरवून तेवढंच जुळवता येतं. कॅस्टरचा आकडा मात्र लाल रंगात छापलेला होता. "हे ॲडजस्ट होत नाही," असं सांगून त्यांनी कागद दिला होता. सांगितलं ते खरंच होतं. फक्त जे जुळवता येत नाही ते बिघडलं असेल, तर काहीतरी बदललं आहे किंवा वाकलं आहे, हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. तुमच्याकडे असा कागद असेल तर आज काढून बघा.

त्या तीन गॅरेजांना मी नावं ठेवत नाही. प्रत्येकाने सांगितलं तेवढं काम केलं. पण डॅम्परबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. डॅम्पर हा दणके शोषणारा भाग आहे. तो गळत असेल, दांडा मोकळा सरकत असेल, तर जरूर बदला. पण धडधाकट गाडी डॅम्परशिवायही वॉबलिंग करत सुटत नाही. नवा डॅम्पर टाकल्यावर वॉबलिंग थांबलं, तर आजार बरा झालेला नसतो, तो फक्त दिसेनासा होतो. आत बेअरिंग झिजतच राहतं. डॅम्पर थकतो तोपर्यंत झीज दुप्पट झालेली असते, आणि ते कळतं तेव्हा गाडी वेगात असते, घरची माणसं आत असतात. तापावर नुसती गोळी घेऊन कामावर जाणाऱ्या माणसासारखं आहे हे. म्हणून डॅम्पर यादीत शेवटी.

त्या गाडीचं काय केलं? एका वेळी एकच बदल. हा नियम फार महत्त्वाचा. चार भाग एकदम बदलले तर गाडी सुधारेल कदाचित, पण कशाने ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही बदलाल. आधी दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंग आणि सील. चालवून पाहिली. झटके गेले, पण स्टीअरिंग सरळ यायला आळशी होतं. मग मूळ मापाची शॅकल परत लावली, टो पुन्हा जुळवला. उंची गेली म्हणून त्याला वाईट वाटलं. मी म्हटलं, उंची ठेवायची असेल तर पाट्याखाली पाचर बसवून कॅस्टर परत आणावा लागेल, ते जाणकाराकडून, मोजून करून घे. त्याने मूळ उंचीच पसंत केली. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला, "काका, भेडाघाटला जाऊन आलो, तिघंही." तिघंही, हा शब्द त्याने दोनदा म्हटला.

नवी जिम्नी चालवणाऱ्यांनीही हे सोडून देऊ नका. २०२३ पासून आपल्याकडे मिळणाऱ्या जिम्नीत पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, पण पुढचा ॲक्सल एकसंधच आहे. तुमच्या यादीत ॲक्सलला आडवा सांभाळणारा रॉड, त्याचे बुश आणि बोल्ट एवढी भर घाला. मोठे टायर आणि उंचीचे किट घ्यायच्या आधी विचारा, कॅस्टरचं काय करणार? विकणाऱ्याकडे उत्तर नसेल तर पैसे खिशात ठेवा.

शेवटचं सांगतो, ते गाडीपेक्षा माणसाबद्दल आहे. तुमच्याकडे ड्रायव्हर असेल, सफारीचा धंदा असेल, किंवा घरातला मुलगा-मुलगी गाडी चालवत असेल, तर "गाडी हलते" असं म्हणणाऱ्याला गप्प करू नका. "जुनी गाडी आहे, हलणारच" हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! एकदा असं उत्तर मिळालं की माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही. हात आणखी घट्ट धरतो आणि चालवत राहतो. त्याला बसवा, पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं तारखेसह लिहून ठेवा. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक साधी वही पुरते. फौजेत प्रत्येक गाडीची लॉगबुक असायची, ती कागद भरायला नव्हती. गाडी बदलत जाते, ड्रायव्हर बदलतात, वहीच काय ते लक्षात ठेवते.

तुमच्या गाडीची लक्षणं लिहून पाठवलीत तर मी जमेल तसं उत्तर देईन. पण पाचही उत्तरांसकट पाठवा, नाहीतर मीही तुम्हाला तेच पाच प्रश्न परत पाठवीन.

सांभाळून चालवा. जय हिंद.